पंप बदलण्याआधी : जुन्या लष्करी जीपला पेट्रोल का मिळत नाही?

दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी किंवा तिची जुळी बहीण फोर्ड जीपीडब्ल्यू सकाळी थंड असताना पहिल्याच प्रयत्नात चालू होते, पंधरा-वीस मिनिटे उत्तम पळते, आणि मग एखाद्या चढावर गचके देऊ लागते, कार्ब्युरेटरमधून, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागातून, फटफट आवाज काढते आणि बंद पडते. थोडा वेळ बॉनेट उघडून उभी ठेवली की काही घडलेच नसावे तशी पुन्हा चालू होते. अशा गाड्या सांभाळणाऱ्यांना हा प्रकार चांगलाच परिचयाचा असतो. त्यावरचा पहिला उपाय बहुधा एकच असतो, तो म्हणजे इंजिनावरचा पेट्रोल पंप बदलणे. पंप बाहेरच्या बाजूला असतो, दोन बोल्ट सोडले की निघतो आणि नवा सहज मिळतो, म्हणून दोष त्याच्या माथी मारणे सोयीचे होते. परंतु या जीपमधील पेट्रोल पुरवठ्याचे बरेचसे दोष पंपात नसून त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या भागात असतात, आणि काही तर पेट्रोलचे दोषच नसतात. दोष नेमका कुठे आहे हे काहीही न बदलता, फार तर एक बाटली, हातभर पारदर्शक नळी आणि थोडा संयम यांच्या जोरावर शोधता येते. ते कसे, हे या लेखात सांगायचे आहे.

प्रथम पेट्रोलचा मार्ग नजरेसमोर आणू. टाकी चालकाच्या आसनाखाली असते. तिच्यात १५ अमेरिकी गॅलन, म्हणजे सुमारे ५७ लिटर पेट्रोल मावते. तिथून निघालेली धातूची नळी पुढे येऊन इंजिन आणि चालक यांच्यामधील पत्र्यावर बसवलेल्या फिल्टरला मिळते. फिल्टरमधून पेट्रोल एका लवचीक नळीने इंजिनाच्या डाव्या अंगाला खालच्या बाजूस असलेल्या पंपाकडे जाते, आणि पंप ते वर कार्टर कंपनीच्या एकनळी कार्ब्युरेटरपर्यंत चढवतो. हा सगळा मार्ग दोन भागांत विभागलेला आहे, आणि निदानाची किल्ली याच विभागणीत आहे. टाकीपासून पंपापर्यंतचा भाग ओढीचा आहे, तर पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतचा भाग दाबाचा आहे. दाबाच्या भागात एखादा जोड ढिला असेल तर पेट्रोल बाहेर गळते, वास येतो, डाग पडतो आणि दोष स्वतःच ओरडून सांगतो. ओढीच्या भागात तोच जोड ढिला असेल तर इंजिन चालू असताना बाहेर एक थेंबही न येता हवा आत शिरते. म्हणूनच कोरडा दिसणारा जोड निर्दोष आहे, असे या भागात कधीही मानू नये.

पंपाचे काम समजून घेणेही आवश्यक आहे, कारण त्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. कॅमशाफ्टवरील, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या फिरत्या दांड्यावरील, एक विकेंद्री उंचवटा पंपाचा दांडा हलवतो, दांडा आतील डायफ्रॅम, म्हणजे लवचीक पडदा, खाली ओढतो आणि त्यामुळे पडद्याच्या वरच्या जागेतील दाब कमी होतो. इतकेच पंपाच्या हातात असते. प्रत्यक्षात पेट्रोलला पुढे ढकलते ते टाकीतील पेट्रोलच्या पृष्ठभागावर दाबणारे बाहेरचे वातावरण. टाकीत हवा शिरण्याची वाट बंद झाली तर जगातला उत्तमातला उत्तम पंपही काही वेळाने हतबल होतो. पंपाचा दुसरा टप्पाही लक्षात घेण्यासारखा आहे. पडदा परत वर जातो तो दांड्याच्या जोरावर नव्हे, तर खालच्या स्प्रिंगच्या जोरावर. त्यामुळे पंपाचा कमाल दाब ती स्प्रिंग ठरवते. कार्ब्युरेटरची वाटी, म्हणजे त्यातील पेट्रोल साठवणारा लहान कप्पा, भरली आणि तिच्या तोंडाची सुईसारखी झडप, म्हणजे निडल, बंद झाली की पडदा खालीच थांबतो आणि दांडा नुसताच हलत राहतो. साधी, पण अतिशय विचारपूर्वक केलेली ही रचना आहे.

आता इंजिनाची भूक किती असते ते पाहू, कारण लक्षणांचा अर्थ त्यावरच अवलंबून आहे. या जीपचे २.२ लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन कमाल ६० अश्वशक्ती देते. अशा जुन्या बनावटीच्या इंजिनाला पूर्ण भारावर ताशी वीस लिटरांच्या आसपास पेट्रोल लागते, असा हिशेब निघतो. म्हणजे मिनिटाला सुमारे ३०० ते ३५० मिलिलिटर. उलट, जागेवर मंद चालताना त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेच पेट्रोल पुरते. यामुळे अर्धवट तुंबलेल्या नळीची जीप अंगणात तासभर उभ्या-उभ्या सुरळीत चालते आणि चढावर पाचव्या मिनिटाला मान टाकते. अंगणात सगळे ठीक होते, या वाक्यावरून पुरवठ्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. याच्या उलट, गाडी वेगात उत्तम पळत असेल आणि केवळ मंद चालताना बंद पडत असेल, तर टाकी, नळ्या आणि पंप यांना हात लावण्याचे कारण नाही. तिथे कार्ब्युरेटरमधील मंद गतीच्या जेटचे अतिसूक्ष्म छिद्र तुंबलेले असण्याची, किंवा इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे मिश्रण इंजिनात नेणाऱ्या मार्गाच्या, गॅस्केटमधून हवा शिरत असण्याची शक्यता अधिक असते.

दोष पेट्रोलचाच आहे का?

गाडी बंद पडली त्याच क्षणी करायची एक परीक्षा आहे, आणि ती चुकवली तर पुढचा अर्धा दिवस वाया जातो. इग्निशन बंद करावे, कार्ब्युरेटरवरील हवेच्या नळीचा जोड काढावा, आणि चेहरा बाजूला ठेवून, कार्ब्युरेटरच्या घशात वरून पाहत हाताने ॲक्सिलरेटरचा दांडा एकदा पूर्ण हलवावा. आत पेट्रोलची स्पष्ट बारीक धार दिसली तर वाटीत पेट्रोल आहे आणि इंजिन उपासमारीने बंद पडलेले नाही. धार दिसली नाही तर वाटी रिकामी झालेली असण्याची दाट शक्यता आहे. एक अपवाद लक्षात ठेवावा. या कार्ब्युरेटरमधील धार सोडणाऱ्या छोट्या पंपाला चामड्याची वाटी असते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते चामडे सुकते आणि पेट्रोल असूनही धार येत नाही. म्हणून ही परीक्षा गाडी सुस्थितीत असतानाही एकदा करून पाहावी, म्हणजे बिघाडाच्या वेळी तुलना करता येते.

या परीक्षेला इतके महत्त्व देण्याचे कारण असे की, तापल्यावर बंद पडणे आणि गार झाल्यावर चालू होणे हे एकच रूप घेऊन तीन अगदी वेगळे दोष येतात. पहिला दोष म्हणजे टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजणे, दुसरा म्हणजे पेट्रोलची नळीतच वाफ होणे, आणि तिसरा म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधील कंडेन्सर किंवा इग्निशन कॉइल, म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेचे भाग, तापल्यावर निकामी होणे. तिसऱ्या दोषाचा पेट्रोलशी संबंधच नाही, तरीही त्याच्यापायी किती चांगले पंप काढून फेकले गेले असतील याची मोजदाद नाही. धार येते आणि तरीही गाडी चालू होत नाही, असे असेल तर ठिणगी तपासावी. मात्र ठिणगीची तपासणी पेट्रोलची सगळी झाकणे आणि जोड पूर्ववत लावून, सांडलेले पेट्रोल पुसून आणि वास जाईपर्यंत थांबूनच करावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात किंवा जीपच्या तळाशी साचून राहते.

गाडी चालत असतानाही एक सोपी चाचणी करता येते. गचके सुरू झाले की चोक थोडा ओढून पाहावा. त्याने गाडी सुधारली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे. ती आणखी बिघडली आणि काळा धूर आला तर पेट्रोल उलट जास्त होत आहे. प्लग काढून पाहिल्यास कोरडी काळी काजळी जास्त पेट्रोलकडे बोट दाखवते आणि पांढुरकी, करपल्यासारखी टोके कमी पेट्रोलकडे.

झाकण, वाफ आणि उष्णता

झाकणाचा दोष ओळखणे सर्वांत सोपे आहे. गाडी बंद पडल्यावर लगेच टाकीचे झाकण हळूहळू सैल करावे. हवा आत ओढली गेल्याचा स्स् असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी लवकर चालू झाली, तर उत्तर मिळाले. छिद्र धुळीने, रंगाने किंवा गंजाने बुजलेले असते, किंवा कोणीतरी दुसऱ्या वाहनाचे, छिद्र नसलेले झाकण बसवलेले असते. रंगकाम करून नव्यासारख्या केलेल्या जीपमध्ये हे विशेषकरून पाहावे. झाकणावर रंगाचा जाड थर चढला की ते दिसते सुंदर, पण टाकीचा श्वास कोंडतो.

वाफेचा दोष अधिक गुंतागुंतीचा आहे. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते, आणि त्यातील हलके घटक साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात. तेही वातावरणाच्या दाबाखाली. पंपाच्या ओढीच्या बाजूला दाब त्याहून कमी असल्याने तिथे ते आणखी लवकर उकळतात. या जीपमध्ये पंप आणि त्याच्या आसपासच्या नळ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून, म्हणजे जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या तापत्या मार्गापासून, फार दूर नाहीत. नळीत वाफेचा बुडबुडा आला की पंपाचा पडदा द्रव पुढे ढकलण्याऐवजी ती वाफच दाबतो आणि सोडतो, आणि पेट्रोल जिथल्या तिथे राहते. इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांत पंप टाकीतच बुडवलेला असतो आणि सगळी नळी मोठ्या दाबाखाली असते, त्यामुळे आजचे पेट्रोल त्यांना सहज चालते. जीपची रचना मात्र ओढीवर अवलंबून आहे, म्हणून त्याच पेट्रोलने तिला त्रास होतो. इथेनॉलच्या मिश्रणाने त्यात आणखी भर पडते.

वाफेचा संशय पक्का करण्यासाठी पंपावर आणि त्याच्या आधीच्या नळीवर ओले फडके ठेवावे. एक-दोन मिनिटांत गाडी चालू होऊन सुरळीत चालली तर निदान बरोबर आहे. उपाय मात्र फडक्याच्या पुढे जायला हवा. नळी एक्झॉस्टपासून शक्य तितकी दूर न्यावी, मध्ये पत्र्याचा आडोसा बसवावा आणि नळीवर उष्णतारोधक आवरण घालावे. नळीला लाकडी चिमटे लावण्याची जुनी पद्धत मला पटत नाही, कारण लाकूड उष्णतेचे दुर्वाहक आहे आणि ते नळीतून उष्णता बाहेर काढू शकत नाही. याशिवाय मॅनिफोल्डमधील उष्णता नियंत्रक झडपेकडे आवर्जून पाहावे. थंड इंजिनात एक्झॉस्टची उष्णता कार्ब्युरेटरच्या तळाकडे वळवणे आणि इंजिन तापल्यावर ती वाट बंद करणे हे तिचे काम असते. ही झडप गंजून उघडी अडकली की कार्ब्युरेटर कायम तापत राहतो. मग गाडी बंद केल्यावर वाटीतील पेट्रोल उकळून घशात सांडते आणि गरम गाडी चालू करताना त्रास होतो. यात पेट्रोल कमी नसून जास्त झालेले असते, म्हणून अशा वेळी चोक न ओढता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर फिरवावा.

ओढीची बाजू

झाकण निर्दोष आहे, इंजिन फार तापलेले नाही आणि तरीही वाटी रिकामी होत आहे, असे असेल तर मार्गाचे दोन तुकडे करावेत. पंपात येणारी लवचीक नळी सोडून तिच्या जागी दुसरी चांगली नळी लावावी आणि तिचे टोक पेट्रोलच्या एका लहान, पक्क्या डब्यात सोडावे. डबा इंजिनाच्या उष्णतेपासून आणि तारांपासून दूर, पंपाच्या पातळीच्या थोडा खाली आणि घट्ट बांधलेला असावा, आणि हाताशी अग्निशामक असावे. या डब्यावर इंजिन भाराखालीही सुरळीत चालले तर पंप आणि कार्ब्युरेटर दोन्ही निर्दोष आहेत आणि दोष मागे आहे. तसे झाले नाही तर दोष पुढे आहे. एका चाचणीत अर्धी यंत्रणा संशयातून मुक्त होते, म्हणून मी या चाचणीला सर्वांत वरचे स्थान देतो.

दोष मागे असेल तर पहिला मान टाकीचा. अर्धी रिकामी टाकी वर्षानुवर्षे उभी राहिली की वरच्या मोकळ्या भागात हवेतील ओल साचते आणि पत्रा गंजतो. गंजाचे कण तळाशी जमतात आणि गाडी हलताना पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी गोळा होतात. गाडी थांबली की ते पुन्हा तळाशी बसतात. म्हणूनच हा दोषसुद्धा थोडा वेळ थांबल्यावर आपोआप बरा झाल्यासारखा भासतो. इथेनॉलयुक्त पेट्रोल जुन्या टाकीत पहिल्यांदा भरले की ते वर्षानुवर्षांचा चिकट थर सोडवते आणि तो सारा कचरा एकदम पुढे येतो. अशी टाकी काढून, रिकामी करून, आत खडी किंवा साखळी घालून घुसळून धुवावी आणि पूर्ण वाळवावी. आतून लावायची लेपने मिळतात, परंतु गंज पूर्ण न काढता लावलेले लेपन पुढे पापुद्र्यांनी सुटते आणि ते पापुद्रे गंजापेक्षा अधिक त्रास देतात. टाकीला भोक असेल तर वेल्डिंगचा विचार स्वतः करू नये, कारण रिकामी दिसणारी टाकी वाफेने भरलेली असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा अधिक सहज स्फोट पावते.

त्यानंतर लवचीक नळी. जुनी रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण तिचे आतले अस्तर सुटून एखाद्या झडपेसारखे वागू लागते. ओढ कमी असेल तोवर पेट्रोल जाऊ देते, ओढ वाढली की मिटते. तोंडाने फुंकून पाहिल्यास ती मोकळीच वाटते, कारण फुंकर अस्तराला बाहेर ढकलते आणि ओढ त्याला आत खेचते. नळीच्या वयाची खात्री नसेल तर इथेनॉल सहन करणारी नवी नळी बसवणे हाच शहाणपणा आहे.

फिल्टरही ओढीच्याच बाजूला आहे, ही गोष्ट सहज विसरली जाते. मूळ फिल्टरमध्ये धातूच्या पातळ चकत्यांची चळत असते आणि तिच्या फटींतून पेट्रोल गाळले जाते. ती काढून धुऊन पुन्हा वापरता येते. मात्र फिल्टरची वाटी परत लावताना गॅस्केट जुने ठेवले किंवा तिरके बसले, तर तिथून हवा ओढली जाते. हवा शिरते का, हे पाहण्यासाठी पंपाच्या आधी तात्पुरती पारदर्शक नळी जोडून इंजिन चालवावे. अधूनमधून येणारा एखादा बुडबुडा चालतो, परंतु सतत बुडबुड्यांची माळ दिसली तर टाकीवरील जोडापासून एकेक जोड घट्ट करत यावे. जोडांना पांढरी टेफलॉन पट्टी गुंडाळू नये. हे जोड धातूवर धातू बसून बंद होतात, पट्टीची तिथे गरज नसते, आणि तिचा सुटलेला धागा नेमका कार्ब्युरेटरच्या निडलखाली जाऊन अडकतो.

आता पंप

संशयाची सुई इथे आल्यावर मात्र पंप मोजून पाहावा. कॉइलची उच्चदाबाची तार काढून ती इंजिनाच्या धातूला जोडावी, म्हणजे ठिणगी पडणार नाही. मग कार्ब्युरेटरकडे येणारी नळी सोडून बाटलीत धरावी आणि स्टार्टर दहा-पंधरा सेकंद फिरवावा. प्रत्येक ठोक्याला जोरदार, स्पष्ट पिचकारी यायला हवी. पिचकारी दुबळी असेल तर आतील दोन झडपांपैकी एकीखाली कचरा असेल किंवा पडदा ताठ झालेला असेल. पडदा फाटला असेल तर पंपाच्या अंगावरील छोट्या छिद्रातून पेट्रोल गळते, किंवा ते सरळ इंजिनाच्या तेलात उतरते. डिपस्टिकवर तेलाची पातळी न भरता वाढलेली दिसली, किंवा तिला पेट्रोलचा वास आला, तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे, आणि पंप दुरुस्त करून तेल बदलल्याशिवाय पुन्हा चालू करू नये. पेट्रोलने पातळ झालेले तेल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही. पंप दुरुस्तीचा संच घेताना पडदा इथेनॉल सहन करणारा आहे ना, हे पाहावे.

यांत्रिक पंपाला कंटाळून विजेचा पंप बसवण्याचा मोह होतो. वाफेवर तो टाकीजवळ बसवल्यास खरोखर उपयोगी पडतो, कारण मग नळीत ओढीऐवजी दाब येतो. परंतु मूळ एमबी आणि जीपीडब्ल्यू यांची वीजयंत्रणा ६ व्होल्टची आहे, युद्धानंतरच्या एम-३८ या लष्करी जीपची २४ व्होल्टची, आणि बाजारातील बहुतेक पंप १२ व्होल्टचे असतात. शिवाय त्यांतील अनेकांचा दाब या कार्ब्युरेटरच्या निडलला पेलत नाही. निडल उचलली जाते, वाटी ओसंडते आणि पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडते. दाब नियंत्रक आणि इंजिन बंद पडताच पंप थांबवणारा स्विच यांच्याविना विजेचा पंप बसवू नये, असे माझे ठाम मत आहे.

शेवटचा टप्पा वाटीचा आहे. पितळी फ्लोटला, म्हणजे वाटीत तरंगून निडलची उघडझाप करणाऱ्या पोकळ डबीला, बारीक भोक पडून त्यात पेट्रोल शिरले की तो बुडतो आणि वाटी ओसंडू लागते. फ्लोट कानाशी हलवल्यास आतला द्रव ऐकू येतो, आणि गरम पाण्यात बुडवल्यास भोकातून बुडबुडे येतात. फ्लोटची पातळी चुकीची, म्हणजे पेट्रोल कमी राखणारी असेल, तर वेगात नेमकी पंप खराब असल्यासारखी लक्षणे दिसतात. कार्टर डब्ल्यूओ या मूळ कार्ब्युरेटरवर झाकण उलटे धरून, गॅस्केट काढून, झाकण आणि फ्लोट यांमधील अंतर ३/८ इंच, म्हणजे सुमारे साडेनऊ मिलिमीटर असावे.

दुरुस्ती झाल्यावर गाडी अंगणात तपासू नये. टाकीत निम्म्याहून कमी पेट्रोल ठेवून, भर दुपारी, लांब चढावर अर्धा तास चालवावी, मग बंद करून दहा मिनिटे तापलेलीच उभी ठेवावी आणि पुन्हा चालू करून त्याच चढावर न्यावी. परत आल्यावर फिल्टरची वाटी उघडून तळाशी काय जमले आहे ते पाहावे. तिथे तपकिरी गाळ दिसला, तर गाडी आज कितीही छान चालली असली तरी टाकीचे काम अजून बाकी आहे.